सरखेल कान्होजी आंगरे आणि त्यांची चपळ गलबते

आपल्या डिचोली तालुक्यातील नार्वे गावच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे समोर, पाण्यापलीकडे, दिवाडी बेट दिसते. पाठीमागे श्रीसप्तकोटीश्वराचे देवालय आहे. या देवालयाचा जीर्णोद्धार श्रीशिवछत्रपतींनी १६६८ साली केला, हे आपल्या गावातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु समोरच्या दिवाडी बेटाचीही एक थोरवी आहे, ती मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते. तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यात ‘म्हादेई’ नावाचे ५६ फूट लांबीचे शिडाचे जहाज बांधले गेले आणि २००९ साली पाण्यात उतरले. आपल्याच नदीचे नाव धारण करणाऱ्या या जहाजातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे त्याच कारखान्यातील ‘तारिणी’ घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ साली जगाची फेरी मारली.

हे पाहिले म्हणजे मनात सहज प्रश्न येतो की, हलक्या व चपळ शिडाच्या नौकांवर भरवसा ठेवून मोठमोठ्या जहाजांना न भिणारा पुरुष आपल्या किनाऱ्यावर पूर्वी कोणी झाला काय? या प्रश्नाचे उत्तर तीनशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात मिळते. त्या पुरुषाचे नाव सरखेल कान्होजी आंगरे. त्यांचे चरित्र अनेकांनी लिहिले आहे. परंतु त्यांची गलबते कशी होती आणि त्यांच्या यशात त्या गलबतांच्या घडणीचा वाटा किती होता, हे समजून घेतल्यावाचून ते चरित्र पुरते कळत नाही, असे आम्हांस वाटते. म्हणून या लेखात दोहोंचा विचार बरोबरच करू.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारास झाला. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुण्याजवळच्या आंगरवाडी या गावावरून ते आंगरे म्हणविले जाऊ लागले. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या चाकरीत असून हर्णैसमोरील सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. त्यामुळे मुलाचे बालपण समुद्राच्या सान्निध्यात गेले. भरती केव्हा येते, ओहोटीला कोणता खडक उघडा पडतो, पहाटेचा मतलई वारा केव्हा थांबतो आणि दुपारचा खारा वारा केव्हा सुटतो, हे ज्ञान पोथीतून मिळत नाही. ते कोळी व भंडारी खलाशांच्या संगतीत, वल्हे हाती धरूनच मिळते. कान्होजींची खरी शाळा ती होय.

शिवछत्रपतींनी मराठी आरमाराचा पाया घातला होता. परंतु छत्रपती संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, स्वराज्यावर मोठा बिकट प्रसंग ओढवला. औरंगजेबाच्या फौजा सह्याद्रीत शिरल्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीने किनाऱ्यावर दडपण आणले. त्या धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूस वश होऊ लागला असता तरुण कान्होजींनी त्यास कैद करून किल्ला स्वतः लढविला, अशी कथा सांगितली जाते. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्यामागे आरमाराची मुख्य जबाबदारी कान्होजींकडे आली. त्यांच्या हाती आले ते एखाद्या श्रीमंत राष्ट्राचे आरमार नव्हते. तिजोरी रिकामी, राजधानी वेढ्यात आणि समोर इंग्रज, पोर्तुगीज, डच व सिद्दी असे चार दर्यावर्दी शत्रू, अशी ती परिस्थिती होती.

अशा वेळी साधारण बुद्धीचा मनुष्य म्हणाला असता की, शत्रूजवळ मोठी जहाजे आहेत, तर आपणही तशीच मोठी जहाजे बांधावीत. कान्होजींनी तसे केले नाही. आपल्याजवळ काय आहे आणि आपला समुद्र कसा आहे, याचा त्यांनी आधी विचार केला. कोकणचा किनारा म्हणजे खाड्या, वाळूचे बांध व बुडते खडक यांची माळच आहे. येथे खोल बुडणारे जहाज जपून चालते. उथळ तळाचे मात्र मोकळे संचार करते. म्हणून त्यांनी गुराब आणि गलबत या आपल्याच किनाऱ्यावरच्या दोन जातींवर भर दिला.

या नौकांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने बारकाईने करून ठेवले आहे. त्यावरून असे दिसते की, गुराबेस बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारणपणे दीडशे टनांपर्यंत व तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असून पाण्यात फार थोडी बुडे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाई आणि तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, चोचीसारखी पुढे आलेली असे. या नाळेवरील तक्तपोशीस बाजूंचे कठडे मुद्दामच ठेवीत नसत. कारण समोरून लाटा येऊ लागल्या म्हणजे गुराब जोराने वरखाली होई व तिच्या नाळेवर पाणी चढे; कठडे नसल्यामुळे ते पाणी तत्काळ वाहून जाई. नाळेच्या मागे, थेट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा बसविलेल्या असत.

गलबत हे गुराबेचे धाकटे भावंड. मोठ्यात मोठे गलबत क्वचितच सत्तर टनांच्या वर जाई. त्यास दोन डोलकाठ्या असत. पैकी मागची अगदी लहान. मुख्य डोलकाठीवर एकच, परंतु फार मोठे, तीनकोनी शीड चढवीत. शीड उभारले म्हणजे त्याचे टोक डोलकाठीच्याही पुष्कळ वर जाई. वजन वाचविण्यासाठी लहान गलबतांवर लाकडी तक्तपोशीऐवजी चिरलेल्या बांबूंचे आच्छादन घालीत. त्यांवर फिरत्या खुंट्यांवरच्या लहान तोफा तेवढ्या असत. शिवाय प्रत्येक गलबतास चाळीस ते पन्नास वल्ही असून वारा नसतानाही ते ताशी सुमारे चार मैल चालविता येई.

आता या घडणीचा लाभ काय, ते पाहू. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण आर्किमिडीजचा सिद्धान्त शिकतो. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. म्हणजे नौका जितकी जड, तितके अधिक पाणी तिने पुढे जाताना फाडले पाहिजे. हलक्या नौकेस हे कष्ट थोडे पडतात. त्यामुळे मंद वाऱ्यातही ती लवकर वेग घेते, लवकर वळते आणि लवकर थांबते. युरोपीय युद्धनौकेची जाड ओकची भिंत आणि तिच्या पोटातील तोफांच्या रांगा हे तिचे बळ होते. पण मंद वाऱ्यात तेच तिचे ओझे होई. सकाळी मतलई वारा पडला आणि खारा वारा अजून सुटला नाही, अशा घटकेस ती प्रचंड नौका लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे जागीच तरंगत राही. नेमक्या याच वेळेला गलबतांची वल्ही पाण्यात पडत.

तीनकोनी शिडाचा गुणही असाच समजण्यासारखा आहे. चौकोनी शीड नौकेच्या रुंदीवर आडवे बांधतात. वारा पाठीशी असला म्हणजे ते उत्तम ओढते, परंतु वारा समोरच्या बाजूने येऊ लागला की त्याचा उपयोग फार कमी होतो. तीनकोनी शीड नौकेच्या लांबीच्या दिशेने वळविता येते. वारा बाजूने आला तरी ते फुगते आणि नौकेस तिरके ढकलते. तळाचा कणा व सुकाणू यांमुळे पाणी नौकेस आडवे सरकू देत नाही; तेव्हा तिला पुढे निसटण्यावाचून गत्यंतर नसते. ओला चिंचोका दोन बोटांच्या चिमटीत दाबला असता पुढे उडतो, तसाच हा प्रकार आहे. थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. पण तीनकोनी शिडाचे गलबत नागमोडी वळणे घेत, चौकोनी शिडाच्या जहाजापेक्षा वाऱ्याच्या अधिक जवळून वर चढू शके. ऑर्मने तर ही गलबते जवळजवळ वाऱ्याच्या वेगाने धावत असे म्हटले आहे. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. परंतु शत्रूच्या पक्षाच्या लेखकाने ती करावी, यातच त्या नौकांचा गौरव आहे.

हलकेपणाचा आणखी एक लाभ होता. पावसाळ्यात पश्चिम समुद्र खवळला म्हणजे ही गलबते खाडीत आत नेता येत, किनाऱ्यावर ओढून शाकारता येत आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटता येत. मोठ्या युद्धनौकेस अशी सोय नव्हती.

मात्र प्रत्येक गुणाच्या पोटी एक दोष असतो, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. जी नौका पाण्यात थोडी बुडते, ती आडव्या वाऱ्यात बाजूस अधिक वाहवते. जिच्या भिंती पातळ, तिला शत्रूच्या तोफांची एकच सरबत्ती पुरते. भर समुद्रात, जोराच्या वाऱ्यात, मोठ्या युद्धनौकेच्या बगलेशी बगल लावून लढणे गलबतांच्या शक्तीबाहेरचे होते. कान्होजींना हे पुरते ठाऊक होते आणि त्यांची युद्धपद्धती याच ज्ञानावर उभारलेली होती. आठदहा गुराबा व चाळीसपन्नास गलबते खाडीत दबा धरून असत. जहाज दिसताच ती नांगर सोडून बाहेर पडत. वारा असला तर शिडांवर, नसला तर गलबते वल्ही मारीत गुराबांना दोरांनी ओढून नेत. युद्धनौकेच्या तोफा तिच्या दोन्ही बाजूंना असतात, पिछाडीस फार थोड्या. म्हणून हे आरमार नेहमी शत्रूच्या पाठीशी जमे आणि गुराबांच्या नाळेवरील तोफांनी प्रथम डोलकाठ्यांवर मारा करी. डोलकाठी मोडली की जहाज पांगळे झाले. मग गलबते चोहोंकडून भिडत आणि तलवारी घेतलेले शेकडो वीर जहाजावर चढत.

या पद्धतीचा अनुभव १७१२ साली मुंबईच्या इंग्रजांना आला. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात कारवारहून मुंबईस येणारे कंपनीचे ‘अ‍ॅन’ हे जहाज आणि खुद्द मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र सहलनौका, अशी दोन्ही जहाजे कान्होजींच्या आरमाराने पकडली. कारवारच्या इंग्रज वखारीचा मुख्य या झुंजीत मारला गेला व त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. १७१३ साली तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिची सुटका करण्यात आली. एका विधवेस पैशासाठी अडकवून ठेवणे आज आपल्या मनास रुचत नाही. त्या काळी किनाऱ्यावरच्या सर्वच सत्ता कैद्यांबद्दल खंडणी घेत असत हे खरे. तथापि आपल्या थोर पुरुषाची गोष्ट सांगताना अशी बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

याच सुमारास स्वराज्यातही दुफळी माजली होती. शाहू महाराज व ताराबाई यांच्या कलहात कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. शाहूंनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठविले, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केले. तेव्हा बाळाजी विश्वनाथ यांना १७१३ साली पेशवेपद देण्यात आले आणि त्यांनी तलवारीऐवजी बुद्धी चालविली. स्वराज्य एकच आहे आणि समुद्र राखणारा पुरुषही एकच आहे, हे त्यांनी जाणले. १७१४ मध्ये तह होऊन कान्होजी शाहूंचे सरखेल झाले. दहा जलदुर्ग व सोळा डोंगरी किल्ले त्यांच्याकडे ठेवण्यात आले. हा तह पुढे किती मोलाचा ठरला, ते लवकरच दिसून आले.

इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. हा आरोप खरा काय, याचा विचार गोव्यातील वाचकांना विशेष सुलभ आहे. पोर्तुगीज येथे आल्यापासून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक जहाजास आपले परवानापत्र घ्यावयास लावीत. ज्याच्याजवळ ते नसे त्याचे जहाज जप्त होई. कान्होजींनी हाच नियम कोकणच्या समुद्रात मराठ्यांच्या वतीने लागू केला. त्यांचे दस्तक घ्यावे व निर्धास्त जावे, न घेतल्यास जहाज पकडले जाईल, असा त्यांचा दंडक होता. शेकडो कोस दूरच्या राजाने येथे परवाने दिले तर तो कायदा, आणि किनाऱ्यावरच्या राजाच्या सरखेलीने दिले तर ती चाचेगिरी, हा न्याय कसला? कान्होजी हे छत्रपतींचे नेमलेले अधिकारी होते आणि त्यांचे दस्तक म्हणजे आपल्या समुद्रावर आपला अधिकार आहे असा पुकारा होता.

हा पुकारा मोडून काढण्यासाठी मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कंबर कसली. विजयदुर्गावर स्वारी झाली, ती फसली. नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. मग इंग्रजांनी जाड भिंतींचा, मोठ्या तोफांचा, तरंगत्या बुरुजासारखा एक अवजड तराफा बांधला आणि १७२० साली तो विजयदुर्गापुढे नेला. त्याचाही काही उपयोग झाला नाही. हलक्यावर जडाने मात करावी, हा त्यांचा हिशेब या खाड्यांत चुकत होता.

शेवटी १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज एक झाले. इंग्लंडच्या राजाच्या चार युद्धनौका घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला. गोव्याचा विजरई फ्रांसिस्को जुझे द सांपायु इ काश्त्रु स्वतः निघाला. सुमारे सहा हजारांची फौज अलिबागेजवळील कुलाबा किल्ल्यावर चालून गेली. येथे १७१४ च्या तहाचे फळ मिळाले. शाहूंच्या सेना धावून आल्या. तरुण पेशवे बाजीराव जातीने उपस्थित झाले. किल्ल्यावरील चढाई फसली, दोन मित्रांत बेबनाव झाला आणि १७२२ च्या आरंभी पोर्तुगीजांनी मराठ्यांशी निराळा तह करून माघार घेतली. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. त्यांनाही रिकाम्या हातांनी परतावे लागले.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. त्यांची समाधी अलिबागेस आहे. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही प्रमुख जलदुर्ग परकीयांस जिंकता आला नाही.

परंतु चरित्राचा खरा धडा पुष्कळदा मृत्यूनंतरच्या घटनांत असतो. थोरले पुत्र सेखोजी १७३३ साली वारले आणि बंधूंत कलह लागून आंगऱ्यांचे राज्य दोन ठिकाणी विभागले. विजयदुर्गास धाकटे पुत्र तुळाजी शूर निघाले. पण पेशव्यांशी त्यांचे वैर जडले. पित्याने जो तह जपला होता, तो या कलहात नष्ट झाला. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशव्यांची फौज जमिनीवरून व इंग्रजांचे आरमार समुद्रावरून विजयदुर्गावर आले. तुळाजींच्या गुराबा बंदरात एकमेकींस बांधून उभ्या केलेल्या होत्या. इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेले ‘रेस्टोरेशन’ नावाचे मोठे जहाजही तेथेच होते. त्यावर एक जळता गोळा पडला, ज्वाला दोरांवरून गुराबांवर गेल्या आणि पाहता पाहता आंगऱ्यांचे आरमार भस्म झाले.

ज्या नौकांचे सारे सामर्थ्य त्यांच्या चपळाईत होते, त्या जागच्या जागी बांधल्या गेल्या, तेव्हाच त्यांचा पराभव झाला होता. गोळा हे केवळ निमित्त होय. आणि बंधूस बंधू, सरखेलीस पेशवा असा आधार उरला नाही, तेव्हा किल्ल्याच्या भिंतीही उपयोगी पडल्या नाहीत. कान्होजींनी दोन गोष्टी सांभाळल्या होत्या: नौकेचा हलकेपणा आणि स्वकीयांशी केलेला तह. त्यांच्यामागे दोन्ही गमावल्या गेल्या.

स्वतंत्र भारताने या पुरुषाचे स्मरण ठेवले आहे. मुंबईतील नौदलाच्या तळास १९५१ साली ‘आंग्रे’ हे नाव देण्यात आले आणि खांदेरी बेटासही कान्होजींचे नाव मिळाले आहे. परंतु आम्हांस वाटते, त्यांचे याहून जिवंत स्मारक पाण्यावरच आहे. आज जगभर मुले ज्या ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या लहानशा शर्यतीच्या नौकेत शिडाचे पहिले धडे घेतात, तिची लांबी अवघी सात फूट नऊ इंच आणि सांगाड्याचे वजन केवळ ३५ किलो असते. पंधरा वर्षांपर्यंतचा मुलगा वा मुलगी ती एकट्याने चालविते. वाऱ्याचा रोख ओळखणे, योग्य क्षणी शीड वळविणे आणि नको ते ओझे बरोबर न घेणे, एवढेच त्या मुलास शिकावयाचे असते. सुवर्णदुर्गाच्या किनाऱ्यावर एका मुलाने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच शिकून घेतले होते.

विद्यार्थिमित्रहो, आपली घरे लहान असतील, साधने थोडी असतील, समोरची परीक्षा युद्धनौकेसारखी अवाढव्य वाटत असेल. अशा वेळी दुसऱ्याच्या मोठेपणाची नक्कल करण्याच्या भरीस पडू नका. आपली खाडी ओळखा, आपला वारा ओळखा आणि आपल्या माणसांशी केलेला तह मोडू नका. पुढल्या खेपेस नार्व्याच्या धक्क्यावर जाल, तेव्हा दिवाडीच्या बाजूने एखादे शीड वळताना दिसले तर क्षणभर थांबून पाहा. ते कसे फुगते, नौका कशी कलते आणि तरीही पुढे कशी जाते, हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले, त्यास कान्होजी आंगऱ्यांच्या चरित्राचा अर्धा भाग समजला असे आम्ही म्हणू.